११,००१ रुपये नेमके कशाचे? आमच्या ग्रामपंचायतीला आणि यात्रा कमिटीला खुलं पत्र

सरपंच ताई, ताईंच्या वतीने मीटिंगला बसणारे भाऊ, सगळे सदस्य आणि यात्रा कमिटीतली लहानमोठी सगळी मंडळी,

नमस्कार. मारुतीच्या देवळामागं पिठाची गिरणी आहे ती माझी, म्हणजे मी कोण ते तुम्हाला कळलंच. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण हे बाहेरचे लोक पण वाचणार आहेत, आणि खरं सांगायचं तर सातारा सांगली भागातल्या कुठल्याही गावाचं नाव टाकलं तरी पत्र तसंच चालेल.

परवा यात्रेचा बॅनर लागला. नैवेद्य, छबिना, कुस्त्यांचं जंगी मैदान, रात्री लोकनाट्य, सगळं नेहमीसारखं. मध्येच एक नवीन ओळ: ‘भव्य रील स्पर्धा, खुला गट, वयाची अट नाही, सर्वात जास्त व्ह्यूज मिळवणाऱ्या रीलला प्रथम बक्षीस ११,००१ रुपये’. खाली सौजन्य ग्रामपंचायत. गेल्या वर्षी शाळेतल्या पोरांची निबंध स्पर्धा होती, तिला ५०१ रुपये होते. यंदा निबंधाची ओळच गायब आहे. मी दळण घेऊन आलेल्या चार जणींना विचारलं तर त्या म्हणाल्या अगं जाऊ दे, पोरांची हौस. मलाही जाऊ देता आलं असतं. पण नाही जाऊ देता येत, का ते सांगते.

माझ्या दिराचा मुलगा १७ वर्षांचा आहे. दिवाळी झाल्यावर घाटाच्या वळणावर एका हातात मोबाईल धरून गाडी चालवत होता, मागं बसलेला मित्र त्याच्या मोबाईलवर वेगळंच शूटिंग करत होता. गाडी घसरली. मित्राचं खरचटण्यावर निभावलं, आमच्या पोराच्या मांडीत रॉड बसला. ऑपरेशननंतर शुद्धीवर आला तेव्हा माझी जाऊ उशाशी आणि मी पायाशी. डोळे उघडून पहिला प्रश्न काय, ‘काकी, किती झाले?’ मला वाटलं बिलाचं विचारतोय. म्हटलं तू नको काळजी करू, ते मोठी माणसं बघतील. तर म्हणाला तसं नाही गं, व्ह्यूज किती झाले. मित्रानं पडतानाचाच व्हिडिओ टाकला होता आणि त्याला चाळीस हजार व्ह्यूज झाले होते. मी आकडा सांगितला आणि ते पोरगं हसलं. सोयाबीनचे सगळे पैसे त्या दवाखान्यात गेले, माझी जाऊ बाहेर बाकड्यावर डोक्याला हात लावून बसलेली, आणि ते आत हसत होतं.

आता तुमचा नियम वाचा. व्ह्यूज जास्त त्याला बक्षीस. तो पडलेला व्हिडिओ या स्पर्धेत टाकला तर पहिला नंबर त्याचाच येईल. मी चुकत असेन तर सांगा.

पोरांना शिव्या द्यायला मी बसलेली नाही, कारण आधी माझंच सांगायला पाहिजे. गिरणीत पट्टा फिरत असतो, दळण पडत असतं, माणसाला नुसतं उभं राहायचं असतं, हात रिकामा. तर मोबाईल डब्याला टेकवून ठेवायचा आणि अंगठा वर वर. एकदा एका काकूंची ज्वारी चालू असतानाच वरून दुसऱ्यांचा गहू ओतला, दोन्ही दळणं पदरचं धान्य घालून भरून द्यावी लागली, आणि तरी दुसऱ्या दिवशी मोबाईल डब्यालाच. मग मुलानं सेटिंगमध्ये जाऊन दाखवलं, दिवसाचे ४ तास १० मिनिटं. मी पाचला उठणारी बाई, मरायला वेळ नाही असं येणाऱ्या जाणाऱ्याला ऐकवणारी. तीन वेळा ॲप काढून टाकलं, तिन्ही वेळा चौथ्या दिवशी परत घेतलं. बरं त्या चार तासात काय बघितलं म्हणाल तर एक धड आठवत नाही. कोणतरी भांडी घासायची युक्ती सांगत होतं एवढंच.

तेव्हापासून मी याच्या मागं लागले की हे सुटत का नाही, आणि जेवढं समजलं तेवढं लिहिते, कारण ग्रामसभेत ‘मनावर ताबा पाहिजे’ असं सांगणारे बरेच आहेत.

बघा, पुस्तकाचं पान संपतं. मालिका ‘उद्या बघा’ म्हणून थांबते. दळणाचा डबा रिकामा झाला की आवाज बदलतो आणि आपण भानावर येतो. रीलच्या डब्याला बूडच नाही. खाली सरकवत राहिलं की पुढचं आपोआप येत राहतं ही सोय २००६ साली एझा रास्किन नावाच्या माणसानं तयार केली आणि पुढं त्यानंच जाहीरपणे सांगितलं की मला याचं वाईट वाटतं. म्हणजे ज्यानं विहीर खणली तोच म्हणतोय कठडा बांधायला पाहिजे होता.

दुसरं म्हणजे दाणा. स्किनर म्हणून एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी कबुतरांवर प्रयोग केले. टोच मारली की दर वेळी दाणा, असं ठेवलं तर दाणा बंद झाल्यावर कबुतर लवकरच टोचायचं सोडतं. पण कधी मिळेल कधी नाही, कितव्या टोचीला ते सांगता येत नाही, असं केलं की ते टोचतच राहतं. आपल्याकडं मटका लावणाऱ्याला हे शिकवायला नको, रोज लागला असता तर ती नोकरी झाली असती. रीलचं तसंच आहे, दहा फालतू आणि अकरावी अशी की पोट धरून हसायला येतं, त्या अकराव्यासाठी अंगठा थांबत नाही. आणि तुम्ही लाईक करा नाहीतर नका करू, कुठल्या व्हिडिओवर किती सेकंद थांबलात त्याचा हिशोब तिकडं लागत असतो आणि त्याच्यावरून पुढचं वाढलं जातं. आमच्या आबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या मोबाईलवर माझा मुलगा बघतो, अकाउंट आबांच्या नावाचं, वय ७४. आबांना दोन कीर्तनं येतात आणि तिसऱ्याला कोणतरी एका चाकावर गाडी उडवतं. आबांची समजूत झालीय की जगातल्या सगळ्या पोरांनी आता मागच्या चाकावरच चालवायचं ठरवलंय.

हे सगळं आपल्या घरात शिरलं कधी ते पण आठवून बघा. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि नेट जवळपास फुकट झालं, पण तेव्हाही घरात मोबाईल एक, तो पण घरातल्या गड्याच्या खिशात. २०२० ला लॉकडाऊन लागला, शाळा मोबाईलवर आली, मग दुधाच्या पैशातून, कोणी बचत गटातून उचल घेऊन, पोरांसाठी मोबाईल घेतले. त्याच वर्षी २९ जूनला सरकारनं टिकटॉक आणि बाकीच्या मिळून ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, आपल्या चौकात पेढे पण वाटले होते. जुलैमध्ये इन्स्टाग्रामनं भारतात रील आणली. सप्टेंबरमध्ये यूट्यूबनं शॉर्ट्स सुरू केलं, ते तर आपल्याच देशापासून. पोरं घरात कोंडलेली, हातात शाळेसाठी घेतलेला मोबाईल, नेट फुकट. नासायला अजून काय लागतं.

असर म्हणून मुलांच्या शिक्षणाची पाहणी होते, तिचा २०२४ चा अहवाल आहे, खेड्यापाड्यातल्या मुलांचा, सगळ्या देशाचा. १४ ते १६ वयाच्या ज्या मुलांना स्मार्टफोन वापरता येतो त्यातल्या ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो काहीतरी अभ्यासासाठी वापरला होता आणि ७६ टक्क्यांनी सोशल मीडियासाठी. शाळेसाठी घेतलेल्या वस्तूचं हे झालं.

आता तक्रारी सांगते. क्रम महत्त्वाचा नाही, जशा आठवतील तशा.

स्पर्धेत व्ह्यूज मोजणार म्हणजे लोक ज्याच्यावर थांबतात ते जिंकणार. आणि लोक कशावर थांबतात ते आपल्याच गावात बघितलंय आपण. एसटी स्टँडवर बसलेला तो बिचारा, ज्याला सगळे खुळा म्हणतात, त्याला पोरांनी टोपी घालून नाचवला आणि व्हिडिओ टाकला. दोन लाख लोकांनी बघितला. त्याला काही कळत नाही, त्याच्या आईला कळतं. ती माझ्याकडं दळायला येते, महिनाभर आली नाही, पोरीला पाठवायची. कोणी त्या पोरांना एक शब्द बोललं का? उलट कमिटीतल्या एकानं तो व्हिडिओ गावच्या ग्रुपवर ‘आपलं गाव फेमस’ म्हणून टाकला. नाव घेत नाही, वाचत असाल तर तुम्हाला माहीत आहे.

वयाची अट नाही हे तर मला समजलंच नाही. ॲपवाले स्वतः १३ वर्षांची अट लिहितात, पाळत नाहीत ती गोष्ट वेगळी, पण लिहितात तरी. ग्रामपंचायतीनं ती पण काढून टाकली. म्हणजे चौथीतलं पोरगं कॅनॉलच्या दारावर उभं राहून नाचलं तरी आपण टाळ्या वाजवायला मोकळे.

मुलींचं थोडक्यात लिहिते कारण लिहिताना राग येतो. दोन मुलींनी गाण्यावर साधा नाच करून टाकला, खाली नको नको त्या कमेंट आल्या, त्यातल्या काही आपल्याच गावातल्या पोरांच्या खोट्या नावांनी. मोबाईल कोणाचा गेला? मुलींचा. एकीची तर शाळा पण बंद करायची भाषा चालू होती. पोरांचे मोबाईल अजून चालू आहेत. हे पत्र वाचून कोणी ‘म्हणजे पोरींना मोबाईल देऊ नका’ असा अर्थ काढणार असेल तर त्यानं पत्र इथंच वाचायचं बंद करावं.

चावडीचं फुकट वायफाय रात्री ११ पर्यंत चालू असतं आणि शेजारच्या वाचनालयाला कुलूप आहे. वीज बिल परवडत नाही म्हणून पेपर बंद केलाय असं मला सांगितलं. पेपर वाचायला वीज कशाला लागते ते मी विचारलं नाही. रात्री चावडीच्या पायऱ्यांवर वीस पंचवीस पोरं ओळीनं बसलेली असतात, तोंडावर निळा उजेड, एकमेकांशी एक शब्द नाही. माझा मुलगा पण त्यातच होता. रात्री उशिरा झोपायचं, सकाळी शाळेत पेंगायचं, नववीतला मुलगा एक धडा सलग वाचू शकत नाही, दोन ओळी झाल्या की हात खिशाकडं. आणि तोच मुलगा आधी तालमीत जायचा. तालमीत आता संध्याकाळी किती जण असतात ते वस्तादांना विचारा, मी आकडा लिहिला तर त्यांना वाईट वाटेल.

शाळेचं पण बोलायला पाहिजे. गृहपाठ अजूनही व्हॉट्सअॅपवर येतो. लॉकडाऊन संपून किती वर्षं झाली? मी रात्री आठला मोबाईल काढून घेतला की मुलगा म्हणतो आई गृहपाठ आलाय, आणि तो खरंच आलेला असतो! दोन ओळींच्या गृहपाठासाठी सगळा उकिरडा उघडून द्यायचा. वहीत लिहून दिला तर काय बिघडतं.

आणि २६ जानेवारीची ग्रामसभा. मी उभी राहिले आणि म्हटलं आपण वडगावसारखा भोंगा लावू. काय झालं तुम्हाला माहीत आहे, एक जण म्हणाला ‘वहिनी, गिरणीलाच लावा भोंगा’ आणि सगळी सभा हसली. मी पण हसले, हसण्यावारी नेलं तर निदान राग दिसत नाही. पण प्रोसिडिंगला विषय घेतला नाही हे नंतर कळलं, आणि ते मात्र मला लागलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मोहित्यांचे वडगाव, कडेगाव तालुका, जिल्हा सांगली. तिथं २०२२ च्या १५ ऑगस्टपासून संध्याकाळी ७ ला देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास, साडेआठपर्यंत, सगळ्या गावातले टीव्ही आणि मोबाईल बंद. पोरांनी वाचायचं, लिहायचं, बायकांनी निवांत बोलायचं. आदल्या दिवशी तिथल्या बायकांची सभा घेऊन हे ठरलं होतं. सुरुवातीला तिथले पण लोक हसले, मग आशा ताई, अंगणवाडीच्या सेविका, पंचायतीचे कर्मचारी, रिटायर झालेले गुरुजी घरोघर फिरून सांगायला लागले. त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बान्सी गावानं ग्रामसभेत ठराव करून १८ वर्षांखालच्या मुलांना मोबाईल बंद केला. मला विचाराल तर वडगावचं जास्त पटतं. बान्सीची तळमळ मला कळते, पण बाप सोफ्यावर रील बघत पडलाय आणि पोराला सांगतोय अभ्यास कर, हे कुठल्या घरात चाललंय? भोंगा सगळ्यांना सारखा. आबांना पण, मला पण, सरपंच ताईंना पण.

तुम्ही म्हणाल हे सरकारचं काम आहे, आपण गावानं काय करणार. सरकारनं काहीच केलं नाही असं नाही. २०२३ ला डेटा संरक्षणाचा कायदा झाला, त्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची परवानगी पाहिजे, त्यांच्यावर पाळत ठेवायची नाही, त्यांना हेरून जाहिराती दाखवायच्या नाहीत असं लिहिलंय. पण त्याचे नियम यायला २०२५ चा नोव्हेंबर उजाडला आणि मुलांचा भाग लागू व्हायला तिथून पुढं अजून दीड वर्षाची मुदत. शिवाय माझा मुलगा कागदावर ७४ वर्षांचा आहे, त्याचं काय करणार. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियाचं अकाउंटच ठेवता येत नाही. आणि चीनची गंमत बघा, ज्या टिकटॉकवर आपण बंदी घातली त्याच कंपनीचं चीनमधलं जे ॲप आहे, डोयिन, त्यात १४ वर्षांखालच्या मुलांना २०२१ पासून दिवसाला ४० मिनिटं, आणि रात्री १० ते सकाळी ६ बंद. परातीत दुसऱ्याला वाढायचं आणि स्वतःच्या पोराला चमच्यानं.

पण हे सगळं वरचं. आपल्या पोराचं नववीचं वर्ष गेलं, दहावीचं पण त्या मुदतीत जाईल. वडगावला कायद्याची वाट बघावी लागली नव्हती, एक भोंगा लागला.

अजून एक, कोणी म्हणेल रीलमुळं चार पैसे पण मिळतात. मिळतात ना. आपल्याच गावातला एक जण गुळाचा व्हिडिओ टाकून पुण्यामुंबईला गूळ विकतो, मला त्याचं कौतुक आहे, त्याचा गूळ मी पण घेते. त्यानं करावं. मी मोबाईल फोडायला सांगत नाही, मी दीड तास मागतेय.

तर माझ्या मागण्या.

व्ह्यूजवर बक्षीस ही स्पर्धा रद्द करा. बॅनर छापला असेल तर त्या ओळीवर पट्टी चिकटवा, खर्च मी देते. बक्षीस ठेवायचंच असेल तर पोरांना गावातल्या म्हाताऱ्यांच्या जुन्या आठवणी, यात्रेचा इतिहास, तालमीतले डाव असलं काहीतरी शूट करायला सांगा आणि चार माणसं बसून निकाल द्या. आणि ५०१ ची निबंध स्पर्धा परत आणा, जमलं तर ५०१ चे १,००१ करा.

भोंग्याचा विषय १ मेच्या ग्रामसभेत विषयपत्रिकेवर घ्या, प्रोसिडिंगला लिहा, मतदान घ्या. हरले तर हरले. त्याच्या आधी महिला ग्रामसभा घ्यायची असते, ती या वेळी कागदावर सह्या फिरवून न घेता खरोखर घ्या.

चावडीचं वायफाय संध्याकाळी ७ ते साडेआठ बंद आणि रात्री ९ नंतर पण बंद. वाचनालयाची किल्ली माझ्याकडं दिली तरी चालेल, गिरणी शेजारीच आहे, मी उघडते.

शाळेला पंचायतीनं पत्र द्या, गृहपाठ वहीत.

पंचायतीच्या फळ्यावर १४४१६ हा नंबर लिहा. टेलिमानस म्हणून मनाच्या त्रासावर फोनवरून बोलायची सरकारची फुकट सेवा आहे, दिवसरात्र, मराठीत पण बोलतात. माझ्या पुतण्यासाठी आम्ही लावला होता, त्या बाईंनी त्याला एक शब्द न रागावता पाऊण तास ऐकून घेतलं, मला ते अजून जमलेलं नाही. गावात अजून दोन तीन घरं आहेत ज्यांना लागेल, लाजेनं विचारत नाहीत.

आणि त्या स्टँडवरच्या मुलाचा व्हिडिओ ज्यांनी टाकला त्यांनी तो काढून टाकावा आणि त्याच्या आईच्या घरी जाऊन यावं. ही मागणी पंचायतीच्या अधिकारात बसते का माहीत नाही, पण मागतेय.

माझ्या घरात भोंगा चालू झालाय. कुकरची शिट्टी धरलीय आम्ही, ७ ला. पहिले चार दिवस मुलगा भिंतीकडं बघत बसला, आबांनी चिडचिड केली, मी स्वतः तीनदा उठून चार्जिंगला लावलेला मोबाईल बघून आले, वाजला नव्हता तरी. सातव्या दिवशी आबांनी कुस्तीच्या गोष्टी काढल्या. कालच पोरगा म्हणाला, आई, आबा खरंच मैदान मारून आले होते का? मला माहीत नव्हतं. लग्नाला अठरा वर्षं झाली.

महिला ग्रामसभेला आणि १ मेच्या सभेला मी येणार आहे. दोन्ही दिवशी गिरणी ९ ते १ बंद राहील, दळण आदल्या दिवशी आणून टाका.

तुमच्याच गावची,
गिरणीवाली वहिनी